तीन दिवसांच्या गोळ्या

मलेरियाच्या संशोधनात होतो म्हटलं की तुम्हाला मी पांढऱ्या कोटात दिसलो असेन. थांबा जी. माझं काम होतं लोकांना गोळ्या गिळायला लावायचं, आणि ओकू नयेत म्हणून अर्धा तास गप्पांत बसवायचं.

सालेकशाकडच्या गावांत जुनी गोळी अजून लागू पडते का, हे आमच्या डॉक्टर मॅडम शोधत होत्या. तीन दिवस गोळ्या आमच्यासमोर, मग महिनाभर फेऱ्या. ताप उलटला की बोटातल्या रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन लॅबला पाठवायचा. जंतू गोळीला का जुमानत नाही, ते लॅबवाले त्याच्या आत शिरून बघायचे.

एका मावशीला गोळी फार कडू लागायची. मी मॅडमचा आवाज काढला, "तोंड उघडा मावशी, जीभ वर करा." मग एसटीचा कंडक्टर काढला. मावशी पदर तोंडाला लावून हसायची. "पुरे कर रे पोट्ट्या, पोट दुखून राहिलं!" तिन्ही दिवस मी वहीत गिळल्याची टिक केली. तोंड बघायचं राहूनच गेलं.

दोन आठवड्यांनी मावशी पुन्हा तापली. मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे इथंही गोळी हरली," म्हणत त्या ओसरीत कागदावर नंबर घालायला बसल्या. मी आत पाणी द्यायला गेलो, तर मावशीनं पदराची गाठ सोडली. आत गोळ्या, अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या.

"लेकीच्या गावाले नर्सबाई येत नाही. तिले ताप आला तं कोण देईल?"

"मले काऊन नाही सांगितलं, मावशी?"

"तुले मालूम होतं नं? मले वाटलं, पोरगं माया करून मुद्दाम दुसरीकडं पाहून राहिलं."

गप्प बसलो तर कागद खोटं बोलणार, आणि मावशीला औषध भलतंच मिळणार. बाहेर गेलो, मॅडमना सगळं सांगून टाकलं, नकलांसकट.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. मावशीला पूर्ण गोळ्या स्वतःच्या हातानं सुरू केल्या, लेकीच्या गावाचं नाव विचारून लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुझी टिक खरी मानून मी कागद पाठवणार होते! लॅबवाले तुझा कंडक्टर ऐकणार होते का? आणि हिचा ताप डोक्यात गेला असता तर?"

"नका बोलू जी त्याले, लेकरू हाय," मावशी खाटेवरून म्हणाली.

"तुम्ही झोपा मावशी, तुमचा नंबर नंतर," म्हणून मॅडम पुन्हा माझ्यावर सुरू झाल्या.