इंजिनाला नंबर प्लेट नव्हती

“गाडीचा नंबर काय?”

पंपावरच्या माणसाने हे विचारलं तेव्हा त्याच्यासमोर गाडी नव्हतीच. हातगाडी होती. तिच्यावर शेताला पाणी देणारं आमचं डिझेल इंजिन, काथ्याने आवळून बांधलेलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा बाप. पुढे ट्रक, मागे टेम्पो, आणि मधे आम्ही. भर दुपारी दोन तास रांगेत उभे होतो.

“गाडी न्हाय दादा, इंजिन हाय,” बाप म्हणाला. “ह्याला पन टाकी हाय. बगा, हे झाकन.”

त्याने झाकण उघडून दाखवलं. दाखवताना त्याचा चेहरा उजळला होता, तो मला अजून दिसतो.

पंपाचा शेठ केबिनमधून बाहेर आला. आमच्यातलाच माणूस. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच नदीकाठी भात लावायचे. त्यांची जमीन गोदामांना गेली, त्यातून हा पंप उभा राहिला. त्याने इंजिनाकडे पाहिलं, मग बापाकडे.

“नंबर प्लेट कुठंय? पीयूसी काढली का हिची?”

रांग हसली. दोघातिघांनी मोबाईल वर केले.

आणि माझा बाप हसला.

हात जोडून, मान खाली घालून, त्यांच्यासोबत हसला. सत्तरीचा माणूस. आपल्याला हसणाऱ्यांना आपल्यामुळे अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसला. मला शेठचा राग नंतर आला. आधी बापाचाच आला. आणि त्या रागाची लाज आजही जात नाही.

कल्पना त्याचीच होती. दूर समुद्रात लढाई लागली, तेलाची जहाजं अडली आणि अंबाडी नाक्यावरच्या पंपावर पाटी लागली: कॅनमध्ये डिझेल मिळणार नाही, फक्त वाहनाच्या टाकीत. मी तीन वेळा कॅन घेऊन गेले, तीन वेळा तशीच परत आले. चौथ्या दिवशी बाप म्हणाला, “कॅनात न्हाय देत ना? मंग इंजिनच नेऊ.” मला पटलं. आम्ही साधी माणसं. नियम सांगितला की तो पाळायची वाट शोधतो, मोडायची नाही. चुलतभावांनी बांबूला टांगून इंजिन नदीकाठावरून रस्त्यापर्यंत आणलं, पुढे आम्ही दोघांनी गाडी ढकलली.

विजेचा पंप का नाही, असं लोक विचारतात. अर्ज केलाय. खांब आमच्या भातखाचरापर्यंत यायचा आहे, सात वर्षं येतोच आहे. पलीकडच्या गोदामाला एका पावसाळ्यात लाईन मिळाली, वर जनरेटरही.

त्या गोदामात मी शिफ्टला जाते. नवरा गेल्यापासून माहेरीच असते, बापाबरोबर शेती करते आणि शेतीचं काम नसेल तेव्हा तिथे खोक्यांना स्टिकर लावते. म्हणून आत काय असतं ते मला माहीत आहे. परदेशी चॉकलेट असतं. आत इतकी थंडी की आम्ही बायका साडीवर स्वेटर घालतो.

त्या दुपारी आम्ही पंपाशी उभे असतानाच त्या गोदामाचा टेम्पो आला. रांगेत नाही, सरळ पुढे. वर चार पिंपं. शेठने स्वतः नळी धरली. मी म्हटलं, “पिंपात चालतं का?”

“त्यांच्याकडं कागद हाय.”

“आमचं भात निसवतंय, शेठ. आत्ता पानी तुटलं तर दाना भरनार न्हाय.”

तो हसत नव्हता आता. समजूत घातल्यासारखं म्हणाला, “बाई, तुझं अर्धा एकर सुकलं म्हनून देश उपाशी न्हाय मरत.”

चॉकलेट वितळता कामा नये. भात वाळलं तर वाळू दे.

त्याला ठाऊक नव्हतं त्या अर्ध्या एकरात काय होतं. परतीच्या पावसाने आमचं पावसाळी भात झोडपलं होतं. कापून पसरलेल्या कडपांना शेतातच कोंब फुटले. बियाण्यापुरतंही वाचलं नाही. कणगीच्या तळाशी आदल्या वर्षीचं थोडं उरलं होतं, तेच बापाने थंडीत नदीकाठच्या खाचरात टाकलं. खायला नाही, बी धरायला. बारीक दाण्याचं, शिजताना गल्लीभर वास सुटणारं. त्याला नाव नाही. आम्ही ‘घरचं’ म्हणतो. ते दुकानात मिळत नाही. आमच्याकडचं संपलं की संपलं.

आम्ही गाडी वळवली. पंपापासून थोडं पुढे एक ट्रकवाला रस्त्याकडेला थांबला होता. तो रांगेत आमच्या पुढेच होता आणि हसला नव्हता. “बहन, टंकी खोलो,” म्हणाला. तोंडाने नळी ओढून त्याने स्वतःच्या ट्रकमधलं डिझेल आमच्या इंजिनात सोडलं. टाकी अर्धीही भरली नाही, तेवढ्यात लांबून पंपावरचा माणूस ओरडला. ट्रकवाल्याने तोंड पुसलं. “हम भी खेतवाले हैं,” एवढंच म्हणाला आणि गेला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

तेवढ्यावर एक कोपरा भिजला. बाकीच्याला आम्ही हंड्यांनी पाणी घातलं, पण हंड्याने भात जगत नाही. लोंब्या बाहेर आल्या त्या पांढऱ्याच. हातात घेऊन दाबल्या तर आत काही नाही. बाप बांधावर बसून एकेक लोंबी दाबून बघायचा. सगळी पोचट आहे हे कळूनही दाबायचा. मी म्हणायचे, चला घरी. तो म्हणायचा, एवढी रांग बघतो.

तोवर पंपावरची ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली होती. गोदामात एकीने मला दाखवली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, गावाकडची नवी गाडी. मी माझ्या बापाचं हसणं दुसऱ्यांदा पाहिलं. मग स्वच्छतागृहात जाऊन स्वेटर तोंडाशी धरून रडले.

घरी बापाने ती पाहिली की नाही, विचारलं नाही. पण त्या आठवड्यानंतर तो अंबाडीच्या नाक्यावर गेला नाही. चहालासुद्धा नाही.

भिजलेल्या कोपऱ्यातून दोन पायल्या भात निघालं. दोनच. उन्हात वाळवून, निवडून, राख लावून मडक्यात भरलं.

आणि मे अखेरीस आमच्या अंगणात शेठची गाडी आली.

तेव्हा बाजारात लोक घाबरून तांदळाची पोती उचलत होते. बातम्यांत सांगत होते, घाबरू नका, कोठारं भरलेली आहेत. तरी उचलत होते. शेठ ओटीवर बसला, पाणी प्यायला. पंपाचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही.

“काका, आईनं जेवन टाकलंय,” तो म्हणाला. “तिला घरच्या भाताची पेज पायजे. तुमच्याकडं असंल थोडं. मागाल ते देतो.”

त्याची आई मला ठाऊक. आवणीला, रोपं लावताना, माझ्या आईसोबत एका रांगेत उभी राहायची. शेठ खोटं बोलत नव्हता.

बाप उठला. आत गेला. मडकं छातीशी धरून बाहेर आला. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे त्याच्या हाडात आहे. तो पुन्हा हसत होता. तेच हसणं. पंपावरचं.

मी मडक्याच्या तोंडावर हात ठेवला.

“बाबा, ठेवा ते.”

“अगं, दारात आलेत.”

“ठेवा.”

मग शेठकडे वळले. “पेजेला आमच्या खायच्यातले तांदूळ देते, रेशनचे. हे बियाचं हाय. हे कुनाला न्हाय.”

“एवढ्याशा बियानं काय होनार हाय? कोठारं भरलेली हायेत देशात.”

“मंग तिथून घ्या.”

तो गेला. रेशनचे तांदूळ नेले नाहीत. बाप मडकं धरून तसाच उभा होता. मला वाटलं, रागावेल. तो रडला. मी त्याला आजवर रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. म्हातारीची पेज माझ्याही घशात अडकली आहे, खोटं कशाला सांगू? पण तांबडा हातरुमाल डोळ्यांना लावून बाप एकच बोलला, “मी देनार होतो गं. सगलं देनार होतो.”

रोपांसाठी राब भाजून तयार आहे. पाऊस पडला की दोन पायल्या त्यात जातील. रोपं थोडी होतील, थोड्यातच लावू. सगळंच्या सगळं पुन्हा बी धरायला.

आणि थंडीत, पुढच्या भाताला डिझेल लागायच्या आधीच, इंजिन पुन्हा उचलणार आहे. पंपावर नाही, भिवंडीला, तहसील कचेरीच्या दारात. गावातल्या ज्या ज्या घराची टाकी कोरडी राहिली त्यांना सांगून ठेवलंय. ज्याचं इंजिन त्याने बांबूला बांधून आणायचं. साहेबाला विचारायचंय, चॉकलेटला कागद मिळतो, भाताला कुणाकडे मिळतो? उत्तर येईपर्यंत इंजिनं दारातून हलणार नाहीत.

बाप म्हणतो, मी पण येतो, एक खांदा माझा.

मी त्याला म्हटलं, या. पण बाबा, कुणी हसलं तर या वेळी आपण हसायचं न्हाय.