ग्रॅहमच्या गाडीला मी घातलेली आंघोळ

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाहीये! एवढी मोठी फजिती, आणि सगळी स्वतःच्या हातांनी केलेली!

दोन हजार सहाचा उन्हाळा. कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारच्या ग्रॅहमकडे दोन इटालियन स्पोर्ट्स गाड्या होत्या. दोन्ही लाल. एक ऐंशीच्या दशकातली, पाटासारखी चपटी, टोकदार, आणि अशी चकचकीत की तिच्यात बघून टिकली लावावी! दुसरी साठच्या दशकातली. करंजीसारखी गोलसर, देखणी, पण अंगावर बोटभर धूळ! तीस वर्षं एका शेतावरच्या कोठारात पडून होती बिचारी.

एकीला रोज पॉलिश, आणि दुसरीला साधं फडकंही नाही? सावत्रपणा हो, दुसरं काय!

त्या शनिवारी त्याने दोन्ही घरासमोरच्या ड्राइव्हवर काढल्या. मी अर्थातच कुंपणापाशी हजर. तुम्ही नसता गेलात?

"सुमन, लव्ह, दोन वाजता कार क्लबचा जज येतोय," तो म्हणाला. "दोघींतली एकच शोसाठी निवडणार. आय ॲम सो नर्व्हस! केस कापून येतो, तोवर गाड्यांवर लक्ष ठेवशील?"

लक्ष ठेवायचं? मी? अहो, जन्मच त्यासाठी माझा!

पण नुसतं बघत किती वेळ बसणार? जज येणार आणि पोरगी अशी पारोशी? बादली आणली, साबण आणला, जुन्या साडीचा तुकडा घेतला. बंपरला तर देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावली! तासाभरात गाडी न्हाऊनमाखून नवरीसारखी उभी.

ग्रॅहम आला आणि मटकन पायरीवरच बसला.

"सुमन... व्हेअर इज माय डस्ट?"

"गेली!" मी खुशीत म्हटलं. "सगळी!"

मग कळलं. शोमध्ये 'जशी सापडली तशी' गाड्यांचा वेगळा वर्ग असतो म्हणे! चकचकीत गाड्या काय, पुष्कळांकडे असतात. ही धूळच तर त्याचा हुकमी एक्का होती. दोन वर्षं फुंकरसुद्धा न घालता जपलेली!

घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं झालेली. घरात धावले.

"अहो, व्हॅक्यूमची पिशवी काढा!"

"का? काय सांडलं?"

"सांडलं नाही हो, सांडायचंय!"

हे पिशवी धरून उभे, आणि मी पिठाची चाळणी घेऊन. सोफ्यामागची, जिन्याखालची, सगळी धूळ गाडीवर भुरभुरली. रांगोळीचा हात माझा, कुठे ठिपका चुकला नाही!

दोनला जज आला. भिंग काढलं, वाकला, बोट फिरवलं. ग्रॅहम बापडा प्रामाणिक. त्याने सांगूनच टाकलं, "ही धूळ खरी नाही. आत्ताच शेजारच्या घरातून आणलीय."

जज पोट धरून हसला. "चेष्टा करतोस, मेट? ही कोठारातलीच, तीस वर्षांची! एवढी धूळ माणसांच्या घरात असते होय?"

ग्रॅहम माझ्याकडे बघायला लागला. हे खाकरून पुढे सरकले, काहीतरी बोलणार, एवढ्यात मीच ओरडले,

"कोठारातलीच हो! डेफिनेटली कोठारातली!"