ओगावाच्या पुस्तकाचं कव्हर

ओगावा गेला, आणि मला पहिला संशय हा आला की त्याच्या बायकोनं मला मुद्दाम उशिरा कळवलं.

तसं काही नव्हतं. जपानमध्ये घरातलं कोणी गेलं की वर्षअखेरीला सगळ्या ओळखीच्यांना पोस्टकार्ड जातं, यंदा आमच्याकडून नववर्षाच्या शुभेच्छा नाहीत म्हणून. तेच कार्ड आज मलाही आलं.

मी संशयी आहे. आई म्हणायची, "तू देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाशील." खरंच होतं ते.

पण ओगावाच्या बाबतीत माझ्या संशयानं एका चांगल्या माणसाचं नुकसान केलं. आज ते लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा बँकेच्या पोस्टिंगवर टोकियोत, आम्ही तिथल्या कोतो भागात राहायचो. मला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलची एंट्रन्स हुकली तेव्हा बाबा म्हणाले, "हातात एक सीट असू दे."

म्हणून टेक्निकल युनिव्हर्सिटीत बायोइंजिनिअरिंगला नाव घातलं आणि मेडिकलचा अभ्यास गुपचूप चालू ठेवला.

अशा मुलांना तिथे मुखवटेवाले म्हणतात. कौतुकानं नाही हं. दुसऱ्याची सीट अडवून बसायचं आणि संधी मिळाली की पळायचं, असली जमात. त्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही.

तिसऱ्या वर्षापर्यंत माझी एंट्रन्स आणखी दोनदा हुकली होती. बाबांचं पोस्टिंग संपत आलं होतं. एकच चान्स उरला होता.

प्रॅक्टिकलला माझा पार्टनर ओगावा. शांत, नीटनेटका, पिपेट माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं धरणारा.

आणि दिवसाआड चार वाजले की गायब!

"कुठे जातोस रे?"

"बाइतो." म्हणजे पार्टटाइम जॉब. पुढे चकार शब्द नाही.

कसला बाइतो? कुठल्या दुकानात? त्याला काउंटरवर उभं राहिलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

त्याच्या बॅगेत एक जाड पुस्तक असायचं, कागदी कव्हर घातलेलं. तसं कव्हर तिथली पुस्तकांची दुकानं सगळ्यांनाच घालून देतात, मला ठाऊक होतं. पण माझी मेडिकलची गाइडं मी अशाच कव्हरात लपवत होते ना!

एकदा तो हात धुवायला गेला आणि मी पुस्तक उघडलं. किडनीचं चित्र. बाजूला पेन्सिलीनं बारीक नोट्स.

सापडला, म्हटलं. हाही मुखवटेवाला. आणि मेला, माझ्याच परीक्षेला बसणार!

मी त्याला नोट्स देणं बंद केलं. तो मात्र मला देत राहिला. चुकीच्या देत असेल, म्हणून मी त्या दोनदा तपासायची. बरोबर असायच्या.

मग फॉर्म भरायची वेळ आली. दुसरीकडे परीक्षा द्यायची तर आपल्या विभागप्रमुखांची परवानगी लागायची, लाल शिक्क्यासकट.

मी सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या विभागप्रमुख सरांच्या, टेबलावर फॉर्म ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

मग म्हणाले, "वर्गात अजून कोण आहे?"

शिक्का त्यांच्या हातात होता, कागदाच्या वीतभर वर.

कसलीही धमकी नव्हती. "मला माहीत नाही" म्हटलं असतं तरी त्यांनी तो मारला असता, असं आज वाटतं.

मी म्हणाले, "ओगावा-सान."

शिक्का बसला. मी परीक्षा दिली, पास झाले. आईनं शिरा केला.

मार्चमध्ये डिपार्टमेंटला माझं सामान घ्यायला गेले, तर ओगावा स्टेशनपर्यंत सोडायला आला. सायकल हातात धरून चालत होता.

"सेन्सेईंच्या लॅबमध्ये मला घेतलं नाही," तो म्हणाला. ती लॅब एका हॉस्पिटलसाठी डायलिसिसच्या मशीनवर काम करायची. "मुखवटेवाल्यांना इथे जागा नाही म्हणाले. मी तसा नाही म्हटलं, तर म्हणे सगळे असंच सांगतात. मला पंपांच्या लॅबला टाकलंय."

"पण तुझ्या बॅगेतलं ते जाड पुस्तक?"

"डायलिसिसची मशीन चालवणाऱ्यांचं लायसन्स असतं, त्याचं. आईचं डायलिसिस चालू आहे ना. चारला तिला आणायला जातो. सांगायला लाज वाटायची, म्हणून बाइतो म्हणायचो."

मी तिकीट शोधायच्या निमित्तानं पर्स उघडली.

"पेठे-सान, सेन्सेईंना कुणी सांगितलं असेल?"

"मला काय माहीत."

"पुस्तक कसलं आहे ते फक्त हायाशीला माहीत होतं. हायाशी असेल?"

हायाशी त्याचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त.

मी म्हणाले, "असेल."

ओगावा पंपांच्या कारखान्यात लागला. लायसन्स त्यानं नोकरी सांभाळून बऱ्याच वर्षांनी मिळवलं. डायलिसिसच्या मशीनपाशी उभा राहिला तेव्हा आई नव्हती.

हे मला त्याच्या नववर्षाच्या कार्डांतून कळत गेलं. दर जानेवारीत यायचं. "डॉक्टर पेठे, वेळेवर जेवता ना?"

मी ते कार्ड उलटंपालटं करून बघायची. टोमणा आहे का? याला कळलंय का? इतकी वर्षं शोधलं. तो बिचारा जेवणाचंच विचारत होता.

एक फोन पुरला असता. मी भ्यायले. लाज वाटते लिहायला, पण तेच खरं आहे.

आज बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. सगळ्यांत शेवटी हायाशीनं लिहिलं, "तिसऱ्या वर्षानंतर ओगावा माझ्याशी कधीच बोलला नाही. माझं काय चुकलं होतं, कुणाला माहीत आहे का?"

अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

उत्तर फक्त माझ्याकडे आहे. त्या ग्रुपमध्ये मराठी कुणाला येत नाही, म्हणून आधी इथे लिहिलं. हाही भित्रेपणाच.

आता जपानीत लिहायला घेते.

ओगावा, तुझं नाव मी सांगितलं. हायाशीनं नाही.

तुला माझा शेवटचा नमस्कार.