रसिकाची ओटी भरून आल्यावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुला तरी का सांगतेय? — माहीत नाही. मंगळवारपासून कुठेच स्वस्थ बसवत नाहीये, एवढं खरं. काल कुकर लावला आणि गॅस पेटवायलाच विसरले.

अंधेरीच्या आमच्या कंपनीत लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. पेशंटचं रक्त लॅबमध्ये जातं, मशीन त्यातली जनुकं वाचतं, आणि त्या ढीगभर अक्षरांत बिघाड नेमका कुठल्या जागी आहे ते आमचं सॉफ्टवेअर डॉक्टरांना दाखवतं. मी तिथलं जुनं खोड. महिला दिनाला स्टेजवर मलाच बसवतात. बायकांनी बायकांना हात द्यायला हवा, असं मी फार छान बोलते. टाळ्याही पडतात.

रसिका माझ्या टीममध्ये होती. मुलुंडला राहायची, सासर कणकवलीचं. हुशार होतीच, पण शांतही होती — टीममध्ये दोघांचं वाजलं की पोरं माझ्याआधी तिच्याकडे जायची. आणि एकदा तिने माझीच चूक पकडली. आमच्याकडे काही फायलींत जागा शून्यापासून मोजतात, काहींत एकापासून. नवीन पोरांना मी हे पहिल्याच दिवशी बजावते. आणि तेच मी — हो, मीच — विसरले होते. रिपोर्टमधली प्रत्येक जागा एका घराने सरकली होती. ते तसंच लॅबकडे गेलं असतं तर? रसिकाने मला बाजूला घेऊन दाखवलं, दुरुस्त केलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी तिला मिठी मारली. त्या दिवसापासून मला तिची भीती वाटायला लागली. सांभाळून घेणाऱ्या माणसाची अशी भीती वाटते का कुणाला? मला वाटली.

येते मुद्द्यावर. येतेच आहे.

तिचं डोहाळजेवण सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. झाकलेल्या वाट्यांतली तिने बर्फीची उघडली आणि सगळ्या ‘मुलगी, मुलगी’ म्हणून ओरडल्या. मी तिची ओटी भरली. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी माझा हात धरला. गावचं घर बंद करून त्या कायमच्या मुंबईला आल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, पोराक मी सांभाळतंय. हिची नोकरी थांबूक नको.”

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेव. गैरसमज झाला, ऐकण्यात चूक झाली, असलं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या डायरेक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक नवी टीम निघणार होती आणि तिची लीड माझ्या बरोबरीने बसणार होती. त्यांच्या डोक्यात रसिकाचंच नाव होतं. बाळंतपणानंतर ती लगेच येऊ शकेल का, तू तिच्या जवळची म्हणून विचारतो, म्हणाले. तिच्यासाठी थांबायचीही त्यांची तयारी होती. बघ, सरांवर ढकलायचीसुद्धा सोय नाही मला.

मी म्हणाले, “सर, पहिलंच बाळ आहे. घरी बघणारं कुणी नाही. आत्ता तिच्यावर ओझं नको टाकायला.”

किती मायेने म्हणाले! सरांनी माझं कौतुकही केलं — तुला तिची किती काळजी. हे शब्द मला आयते सुचले, कारण माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा माझ्याबद्दल अगदी असंच बोललं गेलं होतं आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले होते. हे कुठे लागतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. खोटं बोलले. तिने माझ्या बरोबरीने बसू नये म्हणून.

टीम ऑफिसमधल्याच निखिलला मिळाली. रसिका ठरल्याप्रमाणे रजा संपताच हजर झाली, लेक आजीकडे ठेवून. तिने मला एकदाच विचारलं, ताई, माझं काय कमी पडलं? तेव्हा तरी गप्प बसायचं! पण नाही. मी तिला समजावलं, अगं, तुझा पिंड कोडचा, माणसं सांभाळणं तुला नाही मानवायचं. कुणाला सांगत होते मी हे! तिने मान डोलावली. तिच्या सासूबाई दर मे महिन्यात माझ्यासाठी कोकमाचं आगळ पाठवतात. मी त्याची सोलकढी करते.

आता तिची लेक शाळेत जाते. निखिल कंपनी सोडतोय, आणि मंगळवारी सरांनी ती टीम रसिकाला देऊ केली. सरांना उत्तर द्यायच्या आधी ती माझ्याकडे आली, कॅन्टीनमध्ये. “ताई, मी नाहीच म्हणते. माणसं सांभाळणं मला नाही गं जमायचं. तूच ओळखलं होतंस ना तेव्हा?”

आणि थांबली. माझ्याकडे बघत थांबली. मी ‘नाही गं, मी खोटं बोलले होते’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही नको — नुसतं ‘घे ती टीम’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. आता तर ती माझ्या पुढे जाण्याचीही भीती उरलेली नाही, मला वर्षा-दोन वर्षांत निवृत्तच व्हायचंय. मग काय आडवं आलं? तिने ती टीम नीट चालवून दाखवली असती तर तेव्हाचं माझं बोलणं उघडं पडलं असतं. बस, एवढंच.

मी म्हणाले, “हो गं. तू आपली शांतपणे कोड कर.”

तिचा चेहरा हलका झाला. हेच मला सोसवत नाहीये — तिला बरं वाटलं. ती वर गेली, सरांना नाही म्हणून सांगून आली. येताना माझ्यासाठी चहा घेऊन आली, बिनसाखरेचा. तिच्या लक्षात असतं. मी तो प्यायले.