रेवदंड्याला कुणी रडेना!

मेकअपवाल्याकडे किस्से फार जमतात बघा. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटतो आणि तोंड उघडतो! पण स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी रेवदंड्याला आम्ही कोळ्यांच्या पिक्चरचं जे शूटिंग केलं ना, त्याची सर कशालाच नाही.

हिरो-हिरोइनचं लग्न लावायला गावातलेच भटजी आणले. मंगलाष्टकं, अक्षता, सगळं खरंखुरं! दुसऱ्या दिवशी आमचे दिग्दर्शक अण्णा म्हणाले, "रीटेक." भटजी उठून उभेच राहिले. "लागलेलं लग्न पुन्हा लावायचं नाही. हवं तर नवरा बदला!"

हिरोचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही!

व्हिलन दिनकरराव एरवी अगदी गरीब गाय. शॉटमध्ये त्यांनी कोळ्याचं जाळं पेटवलं. दुपारी आमच्या पानात तळलेली पापलेटं, त्यांच्या पानात नुसती आमटी! त्यांनी बिचकत विचारलं, तर वाढणारी आजी कडाडली, "जालं जाललंस ना? मग मावरं कुठलं?"

पण अण्णांचा जीव अडकला होता शेवटच्या सीनमध्ये. होड्या बुडाल्यात, किनाऱ्यावर बायका आक्रोश करताहेत. तो सीन नाही तर पिक्चरच नाही! पन्नास कोळणी उभ्या केल्या, मी ग्लिसरीन घेऊन पुढे झालो. पहिलीच हिराबाय. थेंब घालताच तिनं पदरानं डोळे खसाखसा पुसले.

"नवरा दर्यान हाय माजा. मी कनाला रडू?"

गावच्या होड्या पाण्यात असताना किनाऱ्यावर रडायचं नाही, हा तिथला रिवाज. अण्णांनी हात जोडले, पण एकीनंही टिपूस काढलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी वारं सुटलं! सगळ्या होड्या परतल्या, हिराबायच्या नवऱ्याची तेवढी नाही. दुसरा अख्खा दिवस गेला. हिराबाय पाण्याकडे बघत उभी, डोळे कोरडे ठाक. कॅमेरा वाळूत तसाच लावलेला, पण शूटिंगचं नाव कुणी काढेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी शीड दिसलं! होडी जवळ आली, आत नवरा उभा! आता दर्यात कुणीच उरलं नव्हतं. हिराबायनं असा हंबरडा फोडला म्हणता! मागोमाग पन्नासच्या पन्नास जणी! अंगावर काटा आला हो!

"कॅमेरा! अरे, कॅमेरा चालू करा!" अण्णांचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. कॅमेऱ्यापाशी चिटपाखरू नव्हतं. कॅमेरामन कमरेएवढ्या पाण्यात होडीचा दोर ओढत होता. आणि ओरडणारे अण्णा त्याच्याही पुढे, छातीएवढ्या पाण्यात!