मेंढा बदलावा लागतो

माणसाला मेंढी आणि मेंढीला माणूस समजणारा आमच्या मामांसारखा गृहस्थ उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. मेंढीशी ते अदबीनं बोलत, आणि माणूस समोर आला की रामराम घालायच्या आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघत. रंग लाल असला तर माणूस धडधाकट, फिका असला तर पोटात जंत, असा त्यांचा सरळ हिशेब. शहरातल्या शहागंज बाजारात घोंगडी घ्यायला गेले तर भाव करण्याआधी दुकानदार चाचांना म्हणत, "मियाँ, आँख दिखाव जरा." चाचाही इतके सरावले होते, की मामा येताना दिसले की चष्मा काढून बसत. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मामांनी नवऱ्या मुलाच्या बापाची पापणी ओढली आणि भर बैठकीत त्यांना कलेजी खायचा सल्ला दिला. ते लग्न तरीही जमलं, हे आमचं नशीब.

हर्सूलच्या तळ्यापलीकडं माळावर त्यांचा कळप असायचा. त्या कळपात मेंढा फार दिवस टिकत नसे. दोन-तीन पावसाळे झाले की मामा आपला धष्टपुष्ट मेंढा घेऊन कुठंतरी लांब चालत जात आणि परक्या कळपातला मेंढा बदलून आणत. आणलेला कधी मोडक्या शिंगाचा, कधी चक्क लंगडा. मामी कपाळावर हात मारून घेई. मामा म्हणत, "घरचाच मेंढा घरात ठिवला की कळप दिसतो एकसारखा. पर दुखणं आलं की पडतोबी एकसारखाच." एका दुष्काळात तळ्याचा तळ उघडा पडला, सगळे कळप चाऱ्यासाठी पैठण रस्त्यानं खाली उतरले, आणि तिथं मेंढ्यांना देवी आल्या. शेजारच्या कळपात वर्षानुवर्षं घरचाच मेंढा होता. तो कळप जवळजवळ सगळा गेला. मामांच्याही मेंढ्या गेल्या, पण काहींना नुसता ताप आला, आणि काही तर गावचं दुखणं गावाला म्हणून निवांत चरत राहिल्या. पुढं सरकारी माणूस लस टोचून गेला, तेव्हा आठवडाभर कुठल्या मेंढीला टोचल्या जागी गाठ येते आणि कुठलीला येत नाही हे बघत मामा कळपातून फिरत होते. "लस म्हंजे मास्तर हाय," त्यांनी मला समजावलं. "शिकवतो समद्यांना सारखंच. डोस्कं ज्याचं त्याचं."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामांना एक मुलगी होती, सुमन. मामाची मुलगी म्हणजे भाच्याचा हक्क, अशी आमच्यात रीतच. लहानपणापासून सगळे आम्हाला नवरा-नवरी म्हणून चिडवत आणि आम्ही दोघं चिडल्याचं सोंग करत असू. कोकराला बाटलीनं दूध पाजताना ती गालातल्या गालात हसायची. ते हसू बघायला मी शाळा सुटली की शहरातून सायकल हाणत हर्सूल गाठायचो.

मला नोकरी लागली आणि आई साखरेचा पुडा घेऊन भावाच्या दारात गेली. मामांनी आधी माझी पापणी ओढली. रंग पसंत असल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "पोरगं सोनं हाय, अक्का. पर मेंढा बदलावा लागतो."

आईनं रीत सांगून पाहिली, रडून पाहिलं, शेवटी विचारलं की माझा लेक काय मेंढरू आहे? मामांना त्यात अपमानाचं काहीच दिसेना. त्या दिवाळीत आईनं त्यांना ओवाळलं नाही. मामा आले, स्वतःच पाट मांडून त्यावर थोडा वेळ बसले आणि उठून गेले. सुमन मला मेंढ्यांच्या जाळीपाशी भेटली. "मला कुणी इचारलंच नाय," एवढंच म्हणाली.

तिला चितेगावला दिली, कंपनीतल्या मुलाला. मला लांबच्या तालुक्यातली बायको मिळाली, गुणाची, माझ्या लायकीपेक्षा बरी. तरी सुमन पैठण रस्त्याच्या टोकाला, मी हर्सूलच्या टोकाला, आणि मधलं शहर दर वर्षी वाढतच गेलं. माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले, आणखी दुष्काळ आले, कळप विकत विकत पाच-सहा मेंढ्यांवर आला. बदलायला मेंढाच उरला नाही, तेव्हा मामा नव्या कॉलनीतल्या लोकांच्या पापण्या ओढत हिंडू लागले.

मग कोरोना आला. एकाच घरात, एकाच हातचं जेवणारे आम्ही. मला ऑक्सिजन लागला आणि बायको दोन शिंका देऊन मोकळी झाली. मामांना माझी काळजी होती, पण आनंदही लपत नव्हता. "बग, तिचा कळप येगळा," ते फोनवर म्हणाले.

लस घ्यायला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. टोचल्यावर अर्धा तास बसायचं होतं, तेवढ्यात त्यांनी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं. पोरगी मोठी गोड. तिनं पापणीही ओढू दिली. मग सांगितलं, की शरीरात रोग ओळखणारे राखणदार असतात, अर्धे आईकडून येतात, अर्धे बापाकडून. ज्याचे राखणदार जितके तऱ्हेतऱ्हेचे, तितके जास्त रोग ओळखता येतात. म्हणून तोच रोग कुणाला लोळवतो, कुणाला शिवून जातो, आणि लसही कुणाला जास्त लागू पडते, कुणाला कमी. मामांची मान ताठ झाली. त्याच भरात त्यांनी विचारलं, "मंग आत्या-मामाच्या लेकरांचं लगीन नगंच ना?"

ती म्हणाली, की थोडा धोका वाढतो, पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं तर जास्त. पण एखाद्या जोडप्याचं म्हणाल, तर बहुतेकांची मुलं ठणठणीत होतात.

अर्धा तास केव्हाच संपला, तरी मामा उठेनात. परतताना त्यांनी स्कूटर तळ्याशी थांबवायला लावली. त्या वर्षी तळं भरलेलं होतं. पाण्याकडं बघत म्हणाले, "बाई काय म्हणली ते सुमीला सांगू नगं."

मी नाही सांगणार म्हणालो. ते माझ्या पापणीकडं हात न्यायला लागले आणि मधेच थांबले. मामांनी हात आवरलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

यंदा मामा गेले. दहाव्याला सुमन आली होती, केस पिकलेले, हसू तेच. माणसं पांगल्यावर मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. माळ होता तिथं आता रस्ता आहे. चालता चालता तिनं बापाबद्दल विचारलं, "आबांचं खरं व्हतं का रं?"

"व्हय," मी म्हणालो. "डॉक्टरीणच म्हणाली."

ती थांबली. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून, अगदी बापासारखी, बघत राहिली. मामा बघायचे त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"लाल हाय," ती म्हणाली, आणि चितेगावच्या गाडीत जाऊन बसली.