एका दाराला तीन वॉचमन

शहाडला आमच्या घरी तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा एकदाच आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. दहावीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण दुपारपर्यंत शाळेत पाठवायचे होते आणि ते ज्यात होते तो कॉम्प्युटर सकाळपासून सुरूच होत नव्हता.

आल्या आल्या त्याने स्क्रीनवरचं दसऱ्याचं कुंकू नखाने खरवडलं. मग कॉम्प्युटर सुरू होतो न होतो तोच बटण दाबून बंद केला. असं तीनदा.

"अरे, मरेल ना तो!"

"मेलाय तो आधीच, सर. आता सेफ मोडमध्ये उठवतो. म्हणजे लागतं तेवढंच चालू, बाकी सगळे बाहेर."

काळी स्क्रीन उजळली. आतली यादी पाहून तो गालातल्या गालात हसला.

"तीन-तीन अँटीव्हायरस? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काळजी म्हणून टाकले." घराण्यातला पहिला पदवीधर मी. चुकलो तर सावरायला मागे कोणी नाही, म्हणून एकावर विसंबणं मला जमत नाही.

"एका दाराला तीन वॉचमन ठेवलेत, सर. चोर राहिला बाजूला, एकमेकांचीच कॉलर धरून बसलेत. हे शिकलेल्यांच्या घरातच बघतो मी."

दोन काढून टाकताच कॉम्प्युटर नीट सुरू झाला. गुणांची फाइल शाबूत होती. मी त्याचे मनापासून आभार मानले.

तो जिना उतरला, तशी मी फाइल शाळेत पाठवली. मग काळजी म्हणून आणखी दोनदा पाठवली.

पाच मिनिटांत शाळेच्या क्लार्कचा फोन आला, "सर, तीन फायली आल्यात. खरी कुठली धरू?"